दोनच्या पुढे जाऊ नका

स्टँड मिक्सर, म्हणजे ओट्यावर ठेवून पीठ मळायचं यंत्र, किती जणांकडे आहे, हे मघाशी वर झालेल्या हातांवरून कळलं. तेव्हा ग्लुटेन म्हणजे काय, कणीक का तिंबायची, हे तुम्हाला सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते पीठ मळायच्या हुकबद्दल, आणि मुख्यतः पिठाच्या तापमानाबद्दल.

त्याआधी एक गोष्ट, माझ्या फार आवडीची. १९०८ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरने एका बेकरीवाल्याला धातूच्या चमच्याने पीठ घोटताना पाहिलं. हा हॉबर्ट कंपनीतला माणूस. त्याने आधी बेकऱ्यांसाठी यंत्र केलं. अमेरिकी नौदलाने ते युद्धनौकांवर घेतलं. घरगुती मॉडेल आलं १९१९मध्ये, किचनएड या नावाने, वजन तीस किलोच्या आसपास! एकदा ओट्यावर ठेवलं की ठेवलं. पण करामत बघा: हुक स्वतःभोवती एका दिशेने फिरतो आणि भांड्यात गोल फिरतो उलट दिशेने. भांडं जागचं हलत नाही, तरी कडेचं पीठ सुटत नाही.

आणि अशा यंत्राचं आपण काय करतो? एका दुकानात प्रात्यक्षिक होतं. विक्रेत्याने मैदा, यीस्ट, पाणी घातलं आणि वेग थेट सहावर नेला. पीठ हुकवरून वर चढलं, यंत्र ओट्यावर सरकायला लागलं, आणि तो अभिमानाने म्हणतो, ‘बघा काय ताकद आहे!’ मला तेव्हा संताप आला होता, अजून येतो. समोरची माणसं तेच शिकून घरी गेली. उद्या गिअर खडखडला की दोष यंत्राला! यीस्टचं पीठ दोनच्या वर मळू नका, असं किचनएडच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. ती पुस्तिका वाचा हो, कळकळीने सांगते.

हुक इंग्रजी ‘सी’सारखा असेल तर पीठ वर चढणारच, मधेच थांबवून खाली ओढा. मळसूत्री हुक पीठ खाली दाबतो, त्याला हा त्रास कमी.

संयोजक घड्याळ दाखवताहेत आणि तापमान राहिलंच. तर भरभर सांगते.

हुकच्या घर्षणाने पीठ तापतं. मळून झाल्यावर ते २५ अंशांच्या आसपास हवं. खोली, मैदा आणि पाणी अशी तीन तापमानं, म्हणून २५ला तिनाने गुणा, ७५. त्यातून खोलीचं आणि मैद्याचं तापमान वजा करा. मुंबईच्या उन्हाळ्यात दोन्ही ३२ धरा, उरले ११. घर्षणाचे दहाएक अंश काढले की पाण्याला उरतो १! म्हणजे पाणी बर्फाचंच घ्या. कोमट पाणी थंड देशांतल्या पाककृतींसाठी ठीक आहे.

दुसरं, मळणं कमी करा. रेमों काल्वेल या फ्रेंच पावतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की पीठ आणि पाणी नुसतं कालवून वीस-तीस मिनिटं झाकून ठेवलं तर ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, आपसूक जुळू लागतं. यीस्ट-मीठ त्यानंतर. फार मळलं की हवेने मैद्याचा पिवळसर रंग उडतो आणि चवही जाते.

चक्कीच्या आट्याला पाणी जास्त लागतं, कोंड्यामुळे तो ताणही कमी सोसतो. त्याला विश्रांती अधिक द्या, हुक कमी. मैद्याचा गोळा ताणून पारदर्शक पडदा झाला की यंत्र बंद. आणि मैदा वाटीभरच असेल तर हुक त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही, तेवढा हातानेच मळा.