हळदीचा धुरळा आणि एक पांढरी गोळी

(मार्केट यार्ड, सकाळ. पोत्यांच्या थप्प्या.)

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे सुरू व्हायचेत, पण फरशी आत्ताच पिवळी झाली आहे. पोतं उसवलं की धुरळा उठतो आणि हमालांच्या पापण्यांवर, भुवयांवर, खांद्यावरच्या टॉवेलवर बसतो. हळकुंडं निवडणाऱ्या बायकांनी पदर नाकावर ओढलेत. ज्याला या धुरळ्याचं वावडं आहे, त्याच्या शरीरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात. मग शिंकांवर शिंका.

(तळहातावर गोळी.)

ही सेटिरिझिन, वावड्यावरची गोळी, 10 मिलिग्रॅम. यार्डातल्या कितीतरी खिशांत सापडेल. चहाच्या गाड्यावर पाण्याच्या घोटाबरोबर ती पोटात जाते.

(रेखाचित्र: जठर, आतडं.)

जठरात गोळी विरघळते आणि लहान आतड्याच्या मखमली अस्तरातून रक्तात शिरते. साधारण तासाभरात रक्तात तिची भरती येते. भाकरी खाऊन घेतली तर ही वेळ थोडी लांबते, पण औषध पोचतं तेवढंच. रक्तात 93 टक्के औषध प्रथिनांना चिकटून फिरतं. उरलेलं मोकळं औषध पेशींवरच्या हिस्टामिन चिकटण्याच्या जागा अडवतं आणि नाक गळायचं थांबतं.

लोराटाडिनसारखी वावड्यावरचीच दुसरी गोळी यकृतात गेली की बदलते. सेटिरिझिनचं तसं नाही. यकृत तिला फारसा हात लावत नाही. जवळपास 70 टक्के औषध लघवीवाटे जातं, त्यातलं बरंचसं जसंच्या तसं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठ तास लागतात. सकाळी सातला घेतलेल्या गोळीचा अंमल दुपारी तीनलाही बराच शिल्लक असतो.

(रेखाचित्र: मूत्रपिंड.)

मुख्य भार इथं, किडनीवर. किडनी अधू असेल तर औषध रक्तात रेंगाळतं. म्हणून अशा माणसाला डॉक्टर डोस कमी करून, बहुतेकदा 5 मिलिग्रॅमच देतात. मेडिकलच्या काउंटरवर गोळी मागताना आपल्या किडनीचा त्रास सांगायलाच हवा, आणि देणाऱ्यानेही ‘किडनीचं काही आहे का?’ एवढं विचारायलाच हवं. साठी ओलांडलेल्या हमालाला तर नक्कीच.

काहींना या गोळीनं झापड येते.

(ट्रकला लावलेली फळी.)

पाठीवर पोतं, पायाखाली वाकणारी फळी. गोळी घेऊन आता तास झालाय.