पद्मिनीचे पॉइंट: काढावेत की ठेवावेत?

नमस्कार मंडळी. इंजिनातल्या ठिणगीसाठी करंट तोडणारा छोटा स्विच म्हणजे पॉइंट. जुन्या गाडीतले ते काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवावं का, हा आजचा विषय. आज समोर प्रीमियर पद्मिनीवाले जास्त दिसताहेत, म्हणून उदाहरण पद्मिनीचंच घेतो. अँबॅसेडर, हेराल्ड किंवा जुनी जीप असणाऱ्यांनी रुसू नये. चार-दोन वायरींचा फरक सोडला तर सगळ्यांचं दुखणं एकच आहे.

मला कायम विचारला जाणारा प्रश्न असा: ‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की गाडी जोरात पळते का हो?’ नाही पळत. ठिणगीचं काम पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेवर पेटवणं एवढंच असतं. ते नीट पेटत असेल तर ठिणगी दुप्पट जोरकस करूनही 1089 सीसीच्या इंजिनातून जास्तीचा एक घोडा निघत नाही. जाहिरातींत मायलेज आणि पिकअप वाढल्याच्या गोष्टी असतात. त्या तुलनेतले आधीचे पॉइंट कोणत्या अवस्थेत होते, हे मात्र कुणी सांगत नाही. झिजलेल्या पॉइंटच्या जागी काहीही नवं बसवा, अगदी नवे पॉइंटच बसवा, गाडी सुधारलेली वाटणारच.

मग बसवायचं कशासाठी? त्यासाठी आधी पॉइंट काय करतात ते बघू. ही पद्धत अमेरिकेत डेटनच्या चार्ल्स केटरिंगची, 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आलेली. बॅटरीचा करंट, साधारण चार अँपिअर, कॉइलच्या जाड तारेतून वाहतो आणि पॉइंटमधून गाडीच्या बॉडीत उतरतो, म्हणजे ‘अर्थ’ होतो. डेल्कोमधला, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला, उंचवट्यांचा कॅम फिरतो, पॉइंट उघडतात, करंट एकदम तुटतो. नळ झटकन बंद केला की पाइप कसा दणकतो, तसाच धक्का कॉइलमध्ये बसतो. जाड तारेत दोन-तीनशे व्होल्ट उठतात, बारीक तारेत त्याचे वीस हजाराच्या पुढे होतात आणि ते डेल्कोतल्या फिरत्या रोटरमार्फत 1-3-4-2 अशा क्रमाने प्लगवर जातात. कंडेन्सर नसेल तर तो धक्का पॉइंटच्या फटीतच ठिणगी पाडून वाया जाईल. म्हणून तो एवढासा डबा महत्त्वाचा.

आता हिशेब करा. इंजिन 3000 आरपीएमवर असताना पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्या गतीने तीन तास चाललात तर दहा लाखांच्या वर उघडझाप होते, तीही दर वेळी चार अँपिअर तोडत. पॉइंट काढून भिंगाखाली धरलेत तर एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा दिसतो. एकीकडचा धातू उडून दुसरीकडे चिकटलेला असतो. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घातलं तर पट्टी उंचवट्याला अडते. गेज 0.4 मिलिमीटर दाखवतं, खरी फट त्याहून जास्त असते. म्हणजे गॅप मोजूनसुद्धा चुकतो. पॉलिश पेपर मारून ते सपाट होतात, पण वरचा कठीण थर त्यात निघून जातो.

त्याहून कावेबाज झीज कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेची असते. टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे पडतं. आणि हे इतकं हळूहळू होतं की मालकाला कळतच नाही. गाडी थोडी सुस्त होते, थोडी तापते, घाटात एक गिअर जास्त मागते. आपण म्हणतो, वय झालं तिचं. वय टाचेचं झालेलं असतं! पूर्वी मेकॅनिक दर सर्व्हिसला हे आपोआप बघायचे. एक्सा ब्लेडच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याच्या) जाडीने प्लगचा गॅप आणि नुसत्या नजरेने पॉइंटचा गॅप लावणारे हात होते. ते आता मिळत नाहीत. त्यात बाजारात येणाऱ्या नव्या पॉइंटची टाच मऊ निघते आणि कंडेन्सर नवा असूनही गरम झाला की दगा देतो. माझ्या मते इलेक्ट्रॉनिककडे वळायचं हेच खरं कारण आहे. पद्धत वाईट नव्हती, तिला लागणारा माल वाईट झाला.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये घासणारं आणि जळणारं, दोन्ही जातं. कॅमवर चार चुंबकांची एक रिंग बसते, प्लेटवर पॉइंटच्या जागी एक काळं मोड्यूल येतं. रिंगमधलं चुंबक समोरून गेलं की आतल्या सेन्सरला कळतं आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. सेन्सरचं तत्त्व एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेलं, म्हणजे केटरिंगच्या पद्धतीपेक्षाही जुनं. ऑप्टिकल किटही मिळतात, त्यात प्रकाशाचा किरण कापला जातो. क्रायस्लरने 1973 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक दिलं, जनरल मोटर्सने 1975 मध्ये. तेव्हा आपल्या कुर्ल्यातून पद्मिनी पॉइंट घेऊनच बाहेर पडत होती.

बसवणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण डेल्को आधी तपासा. कॅप काढा, रोटर उचला, शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. खडखड जाणवली तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलेला आहे. तेव्हा किट बाजूला ठेवा आणि आधी बुश करून घ्या. खाली वजनं आणि स्प्रिंग असतात, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारे. रोटर हाताने फिरवून सोडा, तो टपकन मागे आला पाहिजे. ग्रीस वाळून तिथे डिंक झाला असेल तर जगातलं कुठलंही मोड्यूल तुम्हाला योग्य ॲडव्हान्स, म्हणजे वेगाबरोबर पुढे जाणारं टायमिंग, देणार नाही. किट फक्त पॉइंटची जागा घेतं. वजनं तीच जुनी राहतात.

मग वायरिंग. लाल वायर इग्निशनच्या करंटला, काळी कॉइलच्या निगेटिव्हला, असं बहुतेक किटमध्ये असतं. पण तुमच्या किटचा कागद वाचा. पद्मिनीत निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली, तिथे प्रश्न नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो आणि तिथे साधं किट लावलं तर किल्ली फिरवताच पैसे जळतात. काही गाड्यांत कॉइलला करंट रेझिस्टरमधून येतो. मोड्यूलला तो चालत नाही, त्याला पूर्ण बारा व्होल्ट द्या. कॉइल साधी तीन ओहमची ठेवा. दुकानदार ‘स्पोर्ट्स’ म्हणून कमी ओहमची कॉइल गळ्यात मारतो, तिने करंट वाढून मोड्यूल भाजतं. प्लगला जाणाऱ्या हाय टेन्शन वायरी नुसत्या तांब्याच्या नकोत, रेझिस्टन्सवाल्या घ्या, नाहीतर मोड्यूल गोंधळतं. आणि डेल्कोच्या आत प्लेटला अर्थ देणारी ती छोटीशी वायर नक्की बघा. ती तुटकी असली की गाडी मध्येच गचके देते आणि दोष नव्या किटवर येतो.

बसवल्यावर टायमिंग पुन्हा लावायचं, ठिणगीबरोबर चमकणाऱ्या स्ट्रोब लाइटनेच. पॉइंटच्या जुन्या खुणेवर विसंबू नका, तोडण्याची जागा थोडी सरकलेली असते.

मघाशी एकांनी विचारलं, त्यांच्या गाडीत अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. चालेल, पण बॅटरी ठणठणीत हवी. स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळतं. पॉइंट तशाही अवस्थेत काहीतरी ठिणगी देतात, मोड्यूल मात्र ठराविक व्होल्टच्या खाली गप्प बसतं. धक्कास्टार्टवर जगणाऱ्या गाडीला हे किट मानवत नाही. आणि गाडी बंद करून गाणी ऐकायला किल्ली ऑन ठेवायची सवय सोडा, मोड्यूल तापून जातं.

दुसरा प्रश्न, वाटेत बंद पडलं तर? पॉइंट मरताना आधी कुरकुर करतात, मोड्यूल न सांगता जातं. म्हणून काढलेली प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सरसकट, गॅप लावूनच पिशवीत घाला. सोबत फिलर गेज, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि टेस्ट लॅम्प. डिकीत कायम. गाडी फक्त प्रदर्शनात उभी राहत असेल आणि परीक्षक बॉनेट उघडून बघणार असतील, तर मात्र पॉइंट राहू द्या, उगाच खर्च करू नका.

आणि किट बसवल्या बसवल्या लगेच खंडाळ्याचा घाट गाठू नका. पहिले काही आठवडे गावातल्या गावात चालवा, जिथून टो करून आणणं परवडेल. असल्या वस्तू बिघडायच्या असल्या तर बहुधा सुरुवातीलाच बिघडतात, आणि तेव्हा पावती वॉरंटीतली असते.