अठ्ठेचाळीस व्याख्यानांचा उन्हाळा

[दृश्य : फिलाडेल्फिया शहर. वॉलनट स्ट्रीटवरची रहदारी. तेहतिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची विटांची इमारत.]

निवेदन :

ही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची मूर स्कूल. विद्युत अभियांत्रिकीची शाळा. इथे एका जुन्या, अवाढव्य यंत्राचे काही भाग जपून ठेवले आहेत. लोक येतात, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढतात आणि जातात.

आपलं काम त्या यंत्राशी थोडंच आहे. आपण आलोय ते एका वेळापत्रकासाठी.

[दृश्य : टाइप केलेल्या कागदावरून सरकणारा कॅमेरा. तारखा, विषय, वक्त्यांची नावं.]

८ जुलै १९४६, सोमवार. त्या दिवसापासून ३१ ऑगस्टपर्यंत, आठ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. एकूण व्याख्यानं ४८. विषय एकच : इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक कसा रचायचा. खर्च अमेरिकेच्या लष्कराचा आणि नौदलाचा. कागदोपत्री हा उन्हाळी अभ्यासवर्ग होता. पण बोलायला इतके जण, ऐकायलाही त्याच तोलाचे आणि दुपारभर आपसात वाद. आजच्या भाषेत याला परिषदच म्हणावं लागेल. संगणक बांधायचा कसा, हे उघडपणे सांगणारा असा वर्ग याआधी कुठल्याही विद्यापीठात भरला नव्हता.

वर्गात आमंत्रित सुमारे २८. कोणी नौदलाचे, कोणी एमआयटीचे, कोणी जनरल इलेक्ट्रिकचे, कोणी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे. मँचेस्टरहून एक गणिती. आणि केंब्रिजहून एक जण, जो पहिल्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना उलटला तरी नाही. त्याच्याकडे आपण मागाहून येऊ.

[दृश्य : जॉर्ज स्टिबिट्झ यांचं छायाचित्र. मग लाकडी फळीवर दोन रिले आणि दोन छोटे दिवे.]

पहिल्या दिवशी बोलायला उभे राहिले जॉर्ज स्टिबिट्झ. बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना, १९३७ साली, या गृहस्थांनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरीज करणारं एक यंत्र जुळवलं होतं. टेलिफोनचे रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच, टॉर्चचे दिवे आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या. पत्नीने त्याचं नाव ठेवलं ‘मॉडेल के’. ‘के’ म्हणजे किचन. पुढे काय झालं हे माहीत असल्यामुळे आपल्याला यात गंमत वाटते. त्या काळी घरच्यांना टेबल कधी मोकळं होणार, एवढाच प्रश्न पडला असणार.

[दृश्य : एनिअ‍ॅकची जुनी छायाचित्रं. भिंतीभर कपाटं, लोंबणाऱ्या तारा.]

ज्या इमारतीत ही व्याख्यानं चालली होती, त्याच इमारतीत एनिअ‍ॅक हा इलेक्ट्रॉनिक संगणक उभा होता. आज तिथे भाग जपलेत ते याचेच. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह. जुना रेडिओ उघडून पाहिलेल्यांना ते तापणारे काचेचे बल्ब आठवत असतील. वजन तीस टनांच्या घरात. सेकंदाला ५,००० बेरजा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तो जगापुढे आला होता आणि वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

अभ्यासक्रमात मात्र एनिअ‍ॅकला जागाच नव्हती.

कारण सरळ होतं. ज्यांनी तो बांधला, त्यांच्या दृष्टीने तो जुना झाला होता. एनिअ‍ॅकला नवं काम द्यायचं म्हणजे तारा उपसायच्या, दुसरीकडे खोचायच्या, शेकडो बटणं फिरवायची. गणित व्हायचं मिनिटांत, पण मांडामांड चालायची दिवसेंदिवस. बांधणाऱ्यांचं मन पुढच्या यंत्रात, एडव्हॅकमध्ये, गुंतलं होतं. त्यात आकड्यांबरोबर सूचनाही यंत्राच्या स्मृतीतच राहणार होत्या. तारांची उपसाउपस संपणार होती.

पण वर्गातली मंडळी ऐकेनात. पलीकडच्या खोलीत यंत्र आहे आणि तुम्ही ते सोडून पुढचं शिकवता? मागणी इतकी झाली की वेळापत्रक बदलून एनिअ‍ॅकचे तास घालावे लागले. मला ही मागणी रास्त वाटते. मोडता येईल, हात लावता येईल अशी वस्तू समोर असताना नुसत्या फळ्यावरच्या चौकोनांवर कोणाचं समाधान होणार?

[दृश्य : प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली यांची छायाचित्रं शेजारीशेजारी.]

या वेळापत्रकाला एक दुखरी बाजूही आहे. प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली यांनी एनिअ‍ॅक उभा केला. या वर्गाच्या वेळी एकर्ट अवघा सत्तावीस वर्षांचा. मार्च १९४६ मध्ये विद्यापीठाने अट घातली : पेटंटचे हक्क सोडून द्या. दोघांनी राजीनामे दिले आणि स्वतःची कंपनी काढायच्या मागे लागले. एनिअ‍ॅकच्या कामातले त्यांचे सोबती हर्मन गोल्डस्टाइन आणि आर्थर बर्क्स यांनी प्रिन्स्टनची वाट धरली. म्हणजे ज्यांच्या जिवावर शाळेचं नाव झालं, ते घर सोडून गेले आणि तीन-चार महिन्यांत त्याच घरी पाहुणे म्हणून पंगतीत वाढायला आले. सर्वांत जास्त व्याख्यानांचा भार उचलणाऱ्यांत हेच होते. एकमेकांशी फारसं पटत नसलेली माणसं एकाच फळ्यावर, आळीपाळीने.

[दृश्य : अ‍ॅनिमेशन. पाऱ्याने भरलेली आडवी नळी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या लहरी.]

या आठ आठवड्यांतला मला सर्वांत आवडणारा विषय एकर्टचा आहे : यंत्राने आकडे लक्षात ठेवायचे कसे?

आई लहान पोराला वाण्याकडे पाठवते. पोर विसरू नये म्हणून रस्ताभर घोकत जातं, ‘पावशेर साखर, पावशेर साखर’. घोकणं थांबलं की साखर गेली. एकर्टची स्मृती नेमकी अशीच होती. पाऱ्याने भरलेली लांब नळी. तिच्या एका टोकाला स्फटिक. विजेचा ठोका आला की स्फटिक थरथरतो आणि ठोक्याचा ध्वनी होतो. ध्वनी विजेच्या मानाने गोगलगाय, त्यामुळे पाऱ्यातून पलीकडे पोचायला त्याला वेळ लागतो. पलीकडच्या टोकाचा स्फटिक त्याची पुन्हा वीज करतो. ती वीज नीट घासूनपुसून परत पहिल्या टोकाला. पुन्हा ध्वनी, पुन्हा वीज. जोवर हे चक्र चालू, तोवर आकडा शाबूत.

हे तंत्र एकर्टने रडारवर काम करताना हाताळलं होतं. तिथे विमानाचा पडसाद काही क्षण धरून ठेवायचा असे. तोच पडसाद त्याने आकड्यांच्या कामाला जुंपला. एका नळीत शेकडो ठोके एकामागोमाग फिरत राहतात. एक आकडा साठवायला व्हॉल्व्हच्या रांगा लागत होत्या, तिथे नळी आणि मूठभर व्हॉल्व्हवर भागू लागलं.

[दृश्य : हातातले पत्ते क्रमाने लावणारी बोटं.]

२५ जुलै. मॉकलीचा विषय होता क्रमवारी लावणे. आज हे बाळबोध वाटेल. पण गणितं सोडवायला बांधलेल्या यंत्राने याद्याही लावाव्यात, हा विचार तेव्हा नवा होता. पत्ते खेळताना नवं पान हातातल्या पानांत नेमक्या जागी खोचतो ना, तसं. आणि ती जागा शोधायला पहिल्यापासून चाळत बसायचं नाही. शब्दकोश मधोमध उघडतो, मग अर्धा सोडून देतो, उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढतो, तसं. आज संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जी द्विभाजन शोधपद्धत शिकवतात, तिचा लिखित माग काढत गेलं की हेच व्याख्यान सापडतं.

इतर तासांवरून भरभर जाऊ. हॉवर्ड एकन यांनी हार्वर्डच्या यंत्राबद्दल सांगितलं. हान्स राडेमाकर यांनी दाखवलं की यंत्र दर पायरीला शेवटचा अंक जरा छाटतं आणि हजारो पायऱ्यांनंतर ही चिल्लर केवढी साठते. डग्लस हार्ट्री इंग्लंडहून आलेले. यांनी एकेकाळी मेकॅनोच्या खेळण्यातल्या चकत्यांपासून समीकरणं सोडवणारं यंत्र केलं होतं.

हार्ट्रींनी त्या उन्हाळ्यात एनिअ‍ॅकवर स्वतःचं एक गणित चालवलं. त्यासाठी तारा कुठून कुठे जोडायच्या हे त्यांना समजावून देणारी होती के मॅकनल्टी. एनिअ‍ॅकवर काम मांडणाऱ्या सहा जणींपैकी एक. बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन या बाकीच्या पाच जणी. वेळापत्रकात वक्त्यांच्या रकान्यात यांतली एकही नाही. यंत्राशी सर्वांत जास्त झटापट ज्यांनी केली, त्यांना फळ्यापाशी कोणी बोलावलंच नाही.

[दृश्य : जॉन फॉन नॉयमन यांचं छायाचित्र. एका अहवालाचं पहिलं पान.]

आणि गणिती जॉन फॉन नॉयमन. नाव सर्वांत मोठं, व्याख्यान एकच. तरी त्यांची सावली सगळ्या वर्गावर होती. जून १९४५ मध्ये त्यांनी एडव्हॅकच्या रचनेवर अहवालाचा कच्चा खर्डा लिहिला. गोल्डस्टाइनने त्याच्या प्रती वाटल्या. वर नाव एकट्या फॉन नॉयमनचं. एकर्ट-मॉकलीचा उल्लेख नाही. हा सल दोघांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. आजही पाठ्यपुस्तकं संगणकाच्या रचनेला फॉन नॉयमनचंच नाव देतात.

अभ्यासवर्ग सुरू व्हायच्या दहा दिवस आधी, २८ जूनला, बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टनच्या यंत्राचा आराखडा पुरा केला. त्यात एक शब्द, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा ऐवज, ४० बिटांचा. बिट म्हणजे शून्य किंवा एक. या घराण्याची एक फांदी आपल्याकडेही आली. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला. त्याचाही शब्द ४० बिटांचाच. पारा मात्र तोवर मागे पडला होता. टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती.

[दृश्य : तारेवर ध्वनिमुद्रण करणारं जुनं यंत्र. फिरणारी रिळं.]

व्याख्यानं तारेवर ध्वनिमुद्रित होत होती. बारीक पोलादी तार, रिळावर गुंडाळलेली. नंतर कोणीतरी ती ऐकून उतरवायची. ४८ पैकी सगळी काही कागदावर आली नाहीत. जी आली, ती १९४७ आणि १९४८ मध्ये चार खंडांत निघाली. दुपारच्या चर्चांची तर तारही नाही. सकाळी तीन तास ऐकलेलं दुपारी उलटंसुलटं तपासायचं, हा रोजचा शिरस्ता. खरा माल त्या दुपारीच हातोहात गेला असणार, असं मला राहून राहून वाटतं.

[दृश्य : समुद्र. जहाजाचा कठडा.]

आता तो उशिरा आलेला.

मॉरिस विल्क्स. केंब्रिजच्या गणिती प्रयोगशाळेचा प्रमुख, वय ३३. त्याच वर्षी मे महिन्यात एका पाहुण्याने फॉन नॉयमनचा तो खर्डा त्याला एका रात्रीपुरता वाचायला दिला होता. झेरॉक्स नव्हतं. विल्क्स रात्र जागला, सकाळी खर्डा परत केला. मग फिलाडेल्फियाहून आमंत्रणाची तार आली. पण महायुद्ध नुकतंच संपलेलं, जहाजात जागा मिळता मिळेना. तो पोचला तेव्हा वर्गाचे शेवटचे दोन आठवडे उरले होते.

त्याला फार हळहळ वाटली नाही. सुरुवातीचे बरेच तास आकडेमोडीच्या गणितावर झालेले, आणि ते त्याला येतच होतं. यंत्राबद्दलचं मोलाचं शेवटी होतं. ते त्याने ऐकलं, ओळखीपाळखी केल्या, हार्वर्ड आणि एमआयटीत डोकावून आला आणि ‘क्वीन मेरी’ जहाजाने परत निघाला. अटलांटिक ओलांडता ओलांडता त्याने आपल्या यंत्राचा आराखडा मांडायला घेतला.

मँचेस्टरमध्ये स्मृतीत सूचना ठेवून चालणारं पहिलं यंत्र २१ जून १९४८ ला धावलं. तिथला एक गणिती या वर्गात होता, म्हणून श्रेय वर्गाला देण्याचा मोह होतो. पण ते विल्यम्स आणि किलबर्न यांचं, आणि त्यांची स्मृती पाऱ्याची नव्हे, कॅथोड किरण नळीची, जुन्या टीव्हीत असे तशी. शिवाय ते छोटंसं चाचणीचं यंत्र होतं. विल्क्सला रोज वापरायचं यंत्र हवं होतं, प्रयोगशाळेतल्या कोणीही आपलं गणित घेऊन यावं असं.

पाऱ्याच्या नळ्या कशा करायच्या, याची मापं त्याला टॉमी गोल्डने दिली. ब्रिटिश आरमारासाठी रडारवर काम केलेला माणूस. पाच फुटांच्या आसपास लांब नळ्या, ओळीने मांडलेल्या. सुमारे ३,००० व्हॉल्व्ह. नाव एडसॅक.

[दृश्य : टेलिप्रिंटरचा जवळून आवाज. कागद पुढे सरकतो.]

६ मे १९४९, शुक्रवार. कागदाची छिद्रं पाडलेली पट्टी यंत्रात सरकवली. आत पारा घोकू लागला. टेलिप्रिंटर खडखडला.

०. १. ४. ९. १६. २५.

शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्यांचे वर्ग. वेळ लागला २ मिनिटं ३५ सेकंद.

[दृश्य : कागदावरचा शेवटचा आकडा, ९८०१. टेलिप्रिंटर थांबतो.]