वारीची वाट कोलाजमध्ये: तिकीट, बुक्का आणि तुळस टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी. हा समोर दिसतोय तो ४ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला पाट, १२ बाय १६ इंच. यावर आज आळंदी ते पंढरपूर ही वाट बसवायची आहे. वारी करून आलेल्या, किंवा नुसतं एसटीनं जाऊन दर्शन घेऊन आलेल्या घरातही सामान सापडतंच: तिकिटं, बुक्क्याची पुडी, सुकलेली तुळस, पताकेचा तुकडा. गोची अशी की यातलं काहीच चिकटवण्यासाठी बनलेलं नाही. तिकीट पुसट होतं, कुंकू पसरतं, तुळशीला बुरशी धरते. म्हणून आज रचनेपेक्षा सामानावर जास्त बोलू.

आधी पाया. साधा पुठ्ठा नको. ओला कागद सुकताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला धनुष्यासारखा बाक आणतो. एमडीएफसुद्धा थोडा वाकतोच, म्हणून जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तर-रंग) पुढून दोन हात आणि मागून एक हात. दोन हातांमध्ये तासभर जाऊ द्या, पावसाळ्यात तीन-चार तास.

चिकटवायला मॅट ॲक्रिलिक मीडियम उत्तम, म्हणजे ॲक्रिलिक रंगातलाच बिनरंगी, बिनचकाकीचा द्रव. नसेल तर ३ भाग पांढरा फेविकॉल, १ भाग पाणी. याहून पातळ केलात तर कागद पाणी पिऊन फुगतो, सुरकुत्या पडतात. घट्टच ठेवलात तर खाली गाठी दिसतात. कागदाला मागून गोंद लावून मिनिटभर थांबा. फुगायचाय तेवढा फुगू दे, मग बसवा. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं मधून बाहेर हवा काढत जा.

(जवळून: तिकिटावर नख ओढताना)

आता तिकीट. नखानं जोरात रेघ ओढा. काळी उमटली? मग हा थर्मल कागद आहे. मशीनमधून येणारी बहुतेक तिकिटं अशीच असतात. इथे शाई नसतेच, उष्णतेनं कागदच काळा होतो. इस्त्रीखाली गेला की सगळा काळा, उन्हात ठेवला की अक्षरं गायब. मूळ तिकीट पाकिटात जपा आणि कोलाजमध्ये त्याची लेझर झेरॉक्स वापरा. इंकजेटची प्रिंट नको, ओल्या बोटानं पुसली जाते. वर्तमानपत्राचंही तेच, कागद पिवळा पडतो, झेरॉक्स काढा. आणि हरिपाठाची पोथी फाडू नका, तिचीही झेरॉक्सच.

रचनेचा कणा म्हणजे वाट. सुती दोरा मीडियममध्ये भिजवून ओला असतानाच बसवायचा. पंढरपूर आळंदीच्या आग्नेयेला आहे, तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात पोचा. पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. सगळ्या मुक्कामांची नावं लिहायची गरज नाही, नाहीतर एसटीच्या वेळापत्रकासारखं दिसेल. दिवे घाटात दोऱ्याला दोन-तीन वळणं द्या, पुढे सैल सोडा.

जेजुरीला भंडारा हवाच. पण हळदीचा रंग उजेडात उडतो. म्हणून आधी पिवळा ॲक्रिलिक रंग द्या, तो सुकला की मीडियमचा हात फिरवून वर भंडारा भुरभुरवा. पुढे हळद फिकी झाली तरी जेजुरी पिवळीच राहील.

बुक्का सगळ्यांत अवखळ. बोटानं लावलात तर आठवडाभर चौकटीत गळत राहतो. कागदाची जाळी कापून ठेवा, जिथे हवा तिथेच मीडियम लावा आणि मलमलीच्या फडक्यातून बुक्का गाळा. पाट उभा करून जास्तीचा झटकून टाका. रात्रभर सुकू द्या, मग ३० सेंटिमीटरवरून फिक्सेटिव्हचे (भुकटी जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन हलके फवारे. यावर पहिला हात कधीच ब्रशनं देऊ नका, सगळीकडे काळे फराटे ओढले जातील. गोपीचंदन उलट सोपं. सहाणेवर घट्ट उगाळा आणि तेवढंच मीडियम मिसळा. नुसतं लावलंत तर सुकून तडकतं, खपल्या पडतात.

कुंकवाची चिमूट ओल्या टिश्यू पेपरवर टाकून पाहा. गुलाबी डाग पसरला तर तो रंग जेसोतही उतरणार, वर कितीही पांढरं लावा. आमचा उपाय असा की कुंकू लावूच नका, त्याची कागदी पुडी आहे तशी, दोऱ्यानं बांधून बसवा. देवळातून ते तसंच तर घरी येतं.

तुळशीची पानं रद्दीत दाबून ठेवा, पहिले चार दिवस रोज कागद बदला, दहा-बारा दिवस लागतात. ती हिरवी राहणार नाहीत, तपकिरी-काळी होतील. हिरवा रंग मारू नका, खोटं दिसतं. खालून आणि वरून मीडियम द्या, कड उघडी राहिली की तिथून ओल शिरते. माळेचे मणी नुसत्या गोंदावर टिकत नाहीत. दीड मिलिमीटरची भोकं पाडून मागे दोऱ्यानं बांधा. त्यासाठी कुणाच्या गळ्यातली माळ तोडायची नाही, सुटे मणी मिळतात.

आता पंढरपूरचा कोपरा. कॅलेंडरमधला विठोबा कापून चिकटवायचा मोह होईल. गुळगुळीत आर्ट पेपर गोंद नीट धरत नाही, कडा उचलतात, हे एक. शिवाय डोळा थेट तिथेच जातो आणि वाट नुसती महिरप होऊन बसते. आम्ही तिथे फक्त वीट ठेवतो: खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा २ बाय १ इंचाचा तुकडा, त्यावर गेरू आणि मीडियम.

शेवटी मॅट वॉर्निश, दोन हात, मध्ये चार तास. पावसाची झड असेल त्या दिवशी नको, पांढुरकी साय धरते. मणी, पुडी आणि वीट वर येतात, म्हणून काच कामाला टेकता कामा नये. फ्रेमवाल्याकडून काच आणि पाट यांच्यात निदान १५ मिलिमीटरची पट्टी घालून घ्या. ओल येणारी भिंत टाळा. आणि काम आषाढात केलं असेल तर महिनाभर काच बसवू नका, आतला दमटपणा आधी निघून जाऊ द्या.