सीलबंद खेळ आणि रामबागेतल्या फ्लॉप्या

[दृश्य: लिलावाचं पान, आकडे वर सरकताहेत]

जुलै २०२१. अमेरिकेतल्या डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सने ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची एक सीलबंद प्रत लिलावात काढली. ती गेली ८ लाख ७० हजार डॉलरला. तोवर कुठल्याही व्हिडिओ गेमला एवढे पैसे आले नव्हते. हा विक्रम दोनच दिवस टिकला. ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरवर पोचली, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या वर. पुढच्याच महिन्यात पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या एका प्रतीचा सौदा २० लाख डॉलरला झाला.

वाटेल की हे खेळ दुर्मिळ असतील. ‘सुपर मारिओ ६४’ हा १९९६ सालचा खेळ, आणि त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आहेत. वापरलेली कार्ट्रिज, म्हणजे खेळाची चिप असलेली प्लास्टिकची डबी, आजही सहज मिळते आणि उत्तम चालते. साडेअकरा कोटी आले ते न फाडलेल्या प्लास्टिकला.

डबा आधी ग्रेडिंग कंपनीकडे जातो. तिथे कोपरे, कडा, छपाईचा रंग तपासून दहापैकी गुण मिळतात. वरच्या प्लास्टिकला वेगळा शेरा असतो: ए, ए प्लस, ए प्लस प्लस. मग डबा पारदर्शक पेटीत बंद होतो. पेटी फोडली की ग्रेड गेला, आणि ग्रेड गेला की भाव गेला. एप्रिल २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची जी प्रत ६ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली, ती कोणीतरी १९८६ साली नाताळची भेट म्हणून घेतली होती. टेबलाच्या खणात ती पस्तीस वर्षं पडून राहिली. कोणी खेळलं नाही, म्हणून ती महाग झाली.

त्या तेजीनंतर बाजार थंडावला. मे २०२२ मध्ये एका ग्रेडिंग कंपनीवर तिच्याच ग्राहकांनी कॅलिफोर्नियात दावा लावला. कृत्रिमरीत्या भाव फुगवल्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला.

[दृश्य: सव्वापाच इंची फ्लॉपी, अगदी जवळून]

संगणकावरच्या खेळांचा बाजार याहून जुना आणि लहान. माझ्या मते तो जास्त समंजसही आहे. १९७९ च्या सुमारास रिचर्ड गॅरियट नावाच्या टेक्ससमधल्या शाळकरी मुलाने ‘अकालाबेथ’ हा खेळ लिहिला आणि झिपलॉकच्या पिशवीत घालून, झेरॉक्स केलेल्या पानांसकट, दुकानात विकायला ठेवला. त्या पिशव्या आज संग्राहक शोधत असतात. १९८२ च्या ‘डेडलाइन’ या खुनाच्या खेळात डब्यातच पुरावे असायचे: पोलिसांची कागदपत्रं, प्रयोगशाळेचा अहवाल, प्रेताजवळ सापडलेल्या म्हणून चक्क पांढऱ्या गोळ्या. गोळ्या हरवायच्या, कागद फाटायचे. सगळं जागच्या जागी असलेली प्रत मिळाली तर तिला चांगला भाव येतो, आणि तो यावा असं मलाही वाटतं. कारण तिथे माणसांनी हाताळलेली, वाचलेली वस्तू जपली गेलेली असते.

एक गोष्ट मात्र या सगळ्या खरेदीविक्रीत बोलली जात नाही. मारिओचा खेळ कार्ट्रिजमधल्या चिपवर कोरलेला असतो, तो बराच टिकतो. फ्लॉपी तशी नाही. पातळ प्लास्टिकची चकती, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर आणि तो धरून ठेवणारा चिकट पदार्थ. वर्षानुवर्षं दमट हवेत राहिली की बुरशी धरते, थर सुटतो, चुंबकीय खुणा पुसट होतात. म्हणजे १९८३ चा सीलबंद डबा, ग्रेड साडेनऊ, आणि आतला खेळ जिवंत आहे की नाही हे पाहायला डबा फोडावा लागणार. फोडला की पैसे बुडाले. म्हणून कोणी बघतच नाही.

[दृश्य: इंदूर. जेल रोडवरची गर्दी, मग रामबागेतली एक गल्ली]

इंदुरात असा सीलबंद डबा सापडणं कठीण. तो इथवर फारसा आलाच नाही. परदेशी संगणकावर जकात भारी होती. १९८४ च्या संगणक धोरणानंतर ती सैल झाली, तरी घरात संगणक असणं म्हणजे चैनच. तो असायचा कॉलेजात, बँकेत, ट्यूशन क्लासमध्ये. खेळ आले ते एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर. या प्रती रीतसर नव्हत्या, हे उघड आहे. पण आपल्याकडच्या एका पिढीने संगणक ओळखला तो याच प्रतींवर.

रामबागेतल्या एका काकांकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. नव्वदच्या दशकात ते घरच्या पुढच्या खोलीत संगणकाचा क्लास चालवायचे. डबा फ्लॉप्यांनी भरलेला. प्रत्येकीवर निळ्या शाईने लेबल: ‘पर्शिया, २ पैकी १’. ‘डेव्ह, चालतो’. ‘पगारपत्रक, पुसू नये’. एकीवर नुसतं ‘चिरंजीवांचे’.

“एकच ड्राइव्ह होता,” काका सांगतात. “कॉपी करताना मशीन म्हणायचं सोर्स टाका, मग म्हणायचं टार्गेट टाका. काढ-घाल, काढ-घाल. मुलं रांग लावून बसायची. कोणाची फ्लॉपी आधी, यावरून भांडणं व्हायची भिया!”

फ्लॉप्यांखाली वहीचं एक घडी घातलेलं पान निघालं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त पहिली पातळी संपली की एका दालनात अक्षरं लिहिलेल्या बाटल्या दिसतात. छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधून नेमकी ती बाटली प्यायची. पुस्तिका नसेल तर राजपुत्र तिथेच मरणार. नकलेला आळा घालायची ती युक्ती होती. या पानावर कुणीतरी पान, ओळ, शब्द आणि अक्षर असे चार रकाने आखून अख्खी यादी उतरवली आहे. दोन-तीन वेगवेगळी हस्ताक्षरं आहेत. एका ठिकाणी चुकलेलं अक्षर खोडून वर लिहिलंय, ‘चूक, मी मेलो’.

लिलावात या पानाला कुठलाही ग्रेड मिळणार नाही. माझ्या लेखी त्या खेळाच्या छापील पुस्तिकेपेक्षा ते मोलाचं आहे.

[दृश्य: टेबलावर ड्राइव्ह, सर्किट बोर्ड, कापूस, बाटली]

काकांचा पुतण्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणक दुरुस्त करतो. त्याने जुना ड्राइव्ह मिळवला आणि त्याला ग्रीझविझल नावाचं छोटं सर्किट जोडलं. ते फाइली वाचत बसत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतं. त्यामुळे जे साध्या ड्राइव्हला वाचता येत नाही, तेही पुष्कळदा हाती लागतं.

पहिल्या फ्लॉपीवर बुरशीचे करडे ठिपके होते. खिडकीतून दिसणाऱ्या पट्ट्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला कापूस हलकेच फिरवायचा, मधलं भोक बोटांनी फिरवत चकती पुढे सरकवायची, उलटी करून पुन्हा. दर फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं चकती वाचणारं हेडही पुसायचं, नाहीतर एकीची बुरशी दुसरीला ओरबाडते.

असं काम मोठ्या खेळांच्या बाबतीतही करावं लागलंय. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लिहिणारे जॉर्डन मेकनर यांच्या मूळ प्रोग्रामच्या फ्लॉप्या कित्येक वर्षं बेपत्ता होत्या. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना त्या घरातल्या कपाटात मिळाल्या. जाणकारांनी त्या वाचल्या आणि मेकनर यांनी प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात, तिथे २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत असं आढळलं. कोट्यवधींचे लिलाव होत असताना ही स्थिती आहे.

‘चिरंजीवांचे’ लिहिलेली फ्लॉपी शेवटी घेतली. पहिला ट्रॅक, म्हणजे चकतीवरचं पहिलं वर्तुळ, गेला होता, बाकीचे वाचता आले. त्यात जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला एक प्रोग्राम निघाला. पडद्यावर राजवाड्याचे सात मजले, रेघारेघांचे. वरून पतंग पडतात, खाली एक मुलगा धावत ते झेलतो. तीन सुटले की ‘आई बोलावते’ असं येतं आणि खेळ संपतो.

काकांच्या मुलाने हा सातवीत असताना लिहिला. आता तो पुण्यात असतो. फोनवर त्याला सांगितलं तर म्हणाला, “तो अजून आहे? त्यात पतंगाचा वेग चुकलाय, बाबांना म्हणा ओळ ३४० बघा.”

या खेळाची दुसरी प्रत कुठेच नाही. डॅलसमध्ये विकल्या गेलेल्या एकाही खेळाबद्दल असं म्हणता येणार नाही.

इंदुरात, महूला, देवासला कोणाच्या माळ्यावर असा डबा असेल, तर फ्लॉपी सापडेल त्या ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. सव्वापाच इंची असेल तर कडेच्या खाचेवर आधी पट्टी चिकटवा, म्हणजे चुकूनही काही पुसलं जाणार नाही. साडेतीन इंची असेल तर कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं ठेवा. लेबलांचे फोटो काढा, कोणी लिहिलं ते घरात विचारून ठेवा, सोबतचे कागद टाकू नका. आणि हे पावसाळ्याच्या आत करा.