पेज लॉक झालं तर गिऱ्हाईक कुठं शोधणार? मॅस्टोडॉन, फेडिव्हर्स आणि स्वतःचा पत्ता, आपल्या भाषेत

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं बोलतोय, आवाज नीट येत असेल अशी आशा आहे कारण खाली वरात चाललीय.

ऑर्कुट आठवतंय का कुणाला? ज्यांना आठवतंय त्यांची पोरं आता इन्स्टावर हायत. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. गुगल प्लस पण आलंतं, कुणी वापरलं नाही ते सोडा, पण २०१९ च्या एप्रिलला ते पण गेलं. मग टिकटॉक. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक, आणि आपल्या जिल्ह्यातली जी पोरं शेतात, गोठ्यात, एसटी स्टँडवर व्हिडिओ करून नावारूपाला आलीती ती एका रात्रीत परत शून्यावर. मग म्हटलं स्वदेशी वापरू, तर ट्विटरसारखं कू आलं, मोठमोठे मंत्री त्याच्यावर गेले, आणि २०२४ च्या जुलैत त्यांनी पण दुकान गुंडाळलं.

प्रत्येकाचं कारण वेगळं. एकाला मालकानंच कंटाळून बंद केलं, एकाला सरकारनं केलं, एकाला पैसे कमी पडले. पण वापरणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर सगळीकडं सेम झालं, फोटो-व्हिडिओ फार तर डाउनलोड करून घेता आले, जमवलेली माणसं नेता आली नाहीत. त्यामुळं कंपनी अमेरिकेची का चीनची का बेंगलोरची हा माझ्या मते दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न असा की इथनं उठून दुसरीकडं जायचं झालं तर माझी माणसं माझ्यासोबत येतात का. परवा परवा २०२५ ला सगळे झोहो कंपनीचं अरट्टई हे मेसेजिंग अ‍ॅप डाउनलोड करालते, अ‍ॅप बरं आहे, माझ्या फोनमध्ये पण आहे, पण हा प्रश्न त्याला लावून बघा, उत्तर तेच येतंय.

आता हे चप्पल लाइनीला, म्हणजे आपल्या कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजाराला, लावून बघा. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे हा माल याच भागातला असं सरकारी मानांकन, मिळाला २०१९ ला, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दाखवली, आधी नाव घेतलं नाही, बोंबाबोंब झाल्यावर मान्य केलं की प्रेरणा इथली. त्या गडबडीत लोक ऑनलाइन कोल्हापुरी शोधायला लागले. माझ्या ओळखीच्या एका कारागिराचं पेज, एका मोठ्या अ‍ॅपवर, नाव घेत नाही, ऐन सीझनला लॉक झालं. का, तर नियम मोडला. कुठला नियम, ते सांगायला माणूसच नाही. अपील केलं की आपोआप उत्तर येतंय, त्याला उत्तर दिलं की परत आपोआप उत्तर. ऑर्डरी सगळ्या मेसेजमध्ये, पत्ते मेसेजमध्ये, कुणाला ८ नंबर पाहिजे आणि कुणाला ९, ते पण मेसेजमध्ये. चप्पल शिवून तयार आणि पाठवायची कुणाला हे माहीत नाही.

तर आता फेडिव्हर्स, म्हणजे एका मालकाची नसलेली, एकमेकांना जोडलेली सोशल मीडियाची ठिकाणं. घाबरू नका, नाव अवघड आहे, प्रकार सोपा आहे.

गावातली दूध संस्था डोळ्यासमोर आणा. प्रत्येक गावात वेगळी, आणि आपल्याकडं एका गावात एकच असते असं पण नाही, चेअरमनशी पटलं नाही की चार जण उठतात आणि दुसरी संस्था काढतात, हा आपला जुना नाद आहे. तुमच्या संस्थेचा सेक्रेटरी नीट वागत नसेल तर तुम्ही घागर उचलून पलीकडच्या संस्थेत दूध घालता. म्हैस बदलायला लागत नाही, गाव सोडायला लागत नाही. आणि हे चालतंय का, तर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातली स्निग्धता आणि ती सोडून बाकीचा घट्ट भाग, मोजायची रीत सगळीकडं एकच आहे म्हणून.

फेडिव्हर्समध्ये संस्थेच्या जागी सर्व्हर आहे, म्हणजे कायम नेटला जोडलेला, सभासदांची अकाउंट आणि पोस्ट ठेवणारा कॉम्प्युटर. जगभर असे हजारो सर्व्हर, कुणाचा विद्यापीठाचा, कुणाचा सरकारचा, कुणाचा चार मित्रांचा. आणि फॅट मोजायच्या रीतीच्या जागी आहे अ‍ॅक्टिव्हिटीपब, म्हणजे सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचे ठरवलेले नियम, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं ते २०१८ च्या जानेवारीत अधिकृत केले. फरक एवढाच की इथं वर संघ नाही, टँकर नाही, बिलातनं कपात करणारं कुणी नाही. सगळ्या संस्था एकमेकींशी थेट बोलतात.

मॅस्टोडॉन हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं सॉफ्टवेअर. जर्मनीतल्या ऑयगेन रोचको नावाच्या पोरानं २०१६ ला काढलं. दिसायला जुन्या ट्विटरसारखं, पोस्टला साधारण ५०० अक्षरं, जाहिरात नाही, आणि टाइमलाइन घड्याळाप्रमाणे, ज्यानं नंतर लिहिलं तो वर. इन्स्टासारखं पिक्सेलफेड आहे, युट्यूबसारखं पीअरट्यूब, ते फ्रान्सची फ्रामासॉफ्ट नावाची ना-नफा संस्था सांभाळते. आणि गंमत इथं आहे बघा, पिक्सेलफेडवर टाकलेला चपलेचा फोटो मॅस्टोडॉनवरचा माणूस तिथनंच फॉलो करतोय, तिथनंच कमेंट करतोय, नवीन अकाउंट न काढता. फेसबुकवर बसून युट्यूबच्या चॅनेलला असं करून दाखवा.

[इथं स्क्रीन रेकॉर्डिंग: दोन सर्व्हर, एक फॉलो]

पत्ता ईमेलसारखा असतोय, आधी तुमचं नाव, मग ॲट, मग सर्व्हरचं नाव. ईमेल हे फेडरेशनच, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरनी एकमेकांशी बोलणं, आहे तसं बघितलं तर, जीमेलवाला याहूवाल्याला मेल पाठवतोय यात आपल्याला काही नवल वाटत नाही. आणि एक जुनी गोष्ट सांगतो, गुगल टॉक होतं ना, ते पण एकेकाळी दुसऱ्यांच्या चॅट सर्व्हरशी बोलायचं, एक्सएमपीपी नावाची खुली पद्धत होती, २०१३ ला हँगआउट्स आणलं आणि ते दार बंद करत नेलं. म्हणजे हे जमत नाही म्हणून नाही, मोठ्या कंपनीला परवडत नाही म्हणून होत नाही.

आता सर्व्हर बदलायचा कसा, तर मॅस्टोडॉनच्या सेटिंगमध्ये अकाउंट हलवायची सोय आहे, जुन्या ठिकाणी सांगायचं की मी आता इकडं आहे, की तुमचे फॉलोअर आपोआप नव्या पत्त्याला लागतात. तुम्ही कुणाला फॉलो करता, कुणाला ब्लॉक केलंय, त्याची फाइल काढून नव्या ठिकाणी चढवायची. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत, त्या तिथंच राहतात, हे आधीच सांगतो नाहीतर नंतर मला शिव्या घालाल.

पण खरं विचाराल तर त्रास पण लई आहे. पहिला म्हणजे माणसं. तुमची मावशी तिथं नाही, तुमचं गिऱ्हाईक तिथं नाही, मराठी टाइमलाइन दुपारच्या रंकाळ्यासारखी निवांत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद केलं तेव्हा भारतातनं मोठी लाट मॅस्टोडॉनवर आलीती, चार दिवस लई गर्दी, मग बरेच जण हळूच परत गेले. २०२२ च्या ऑक्टोबरला मस्कनं ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा जगभर परत तेच झालं. काही टिकले, बरेच गेले. जो माणूस सांगतो की इन्स्टा सोडा आणि इकडं या, तो दुकान चालवत नसतोय.

दुसरा त्रास, सर्व्हरचा अ‍ॅडमिन हा पण माणूसच. तुमचा खासगी मेसेज तो तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो, कारण मॅस्टोडॉनचे डायरेक्ट मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येऊ नयेत असे कुलूपबंद, नाहीत. बँकेचे नंबर, भांडणं, भानगडी तिथं लिहायच्या नाहीत. आणि अ‍ॅडमिन कंटाळला तर सर्व्हर बंद पडतोय, असे पडलेत. म्हणून सर्व्हर निवडताना मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतला घ्या, त्या यादीत यायचं तर अ‍ॅडमिनला कबूल करायला लागतंय की रोजचा बॅकअप घेईन, माझ्याशिवाय अजून एकाकडं तरी सर्व्हरचा ताबा असेल, आणि बंद करायचा झाला तर किमान तीन महिने आधी सांगीन. तीन महिने. आपल्या चप्पलवाल्याला तीन मिनिटं पण मिळाली नव्हती.

तिसरं, इंटरनेटच बंद केलं तर फेडिव्हर्स काय करणार. २०२३ च्या जूनमध्ये स्टेटसवरनं दंगा झाला आणि कोल्हापुरात नेट बंद होतं, तेव्हा अमेरिकेतलं अ‍ॅप आणि चार मित्रांचा सर्व्हर दोन्ही सारखेच गप्प.

आणि हे सॉफ्टवेअर कुणालाही मोकळं आहे म्हणजे खरंच कुणालाही. ट्रम्प तात्यांचं ट्रुथ सोशल आहे ना, त्याच्या आत मॅस्टोडॉनचाच कोड आहे. २०२१ ला त्यांनी तो वापरला पण लायसन्सप्रमाणे आपला कोड उघडा ठेवायचा असतोय तो ठेवला नव्हता, मॅस्टोडॉनवाल्यांनी नोटीस दिली, मग ठेवला. कोड वापरायला कुणी अडवू शकत नाही, पण तुमच्या सर्व्हरशी जोडून घ्यायचं का नाही हे तुमच्या हातात.

ब्लूस्कायचं विचारतात लोक, ट्विटरसारखंच अजून एक. २०२४ च्या फेब्रुवारीत सगळ्यांना उघडं झालं, वापरायला मॅस्टोडॉनपेक्षा सोपं, पद्धत वेगळी, एटी प्रोटोकॉल. त्यातली एक गोष्ट मला जाम आवडते, स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, असेल तर तेच तुमचं युजरनेम करता येतंय. पण आजच्या घडीला बहुतेक सगळे त्या एका कंपनीच्याच सर्व्हरवर बसलेत, त्यामुळं कागदावर विकेंद्रित आणि गावात एकच संस्था असा मामला आहे.

सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपबद्दल पण गैरसमज आहे, लोकांना ते पण विकेंद्रित वाटतंय. ते स्वतंत्र आहे, फाउंडेशन चालवतंय, २०१८ ला व्हॉट्सअ‍ॅपच्याच ब्रायन अ‍ॅक्टननं त्यात ५ कोटी डॉलर घातले, एन्क्रिप्शन एक नंबर. पण सर्व्हर त्यांचाच. म्हणजे स्वतंत्र असणं आणि विकेंद्रित असणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि घरच्या गप्पांना मी तरी सिग्नलच वापरतो.

कोड उघडा असलेलं सॉफ्टवेअर तर रोज आपण नकळत वापरतोच. व्हिडिओ बघायचं व्हीएलसी कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये नाही? पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांच्या प्रोजेक्टातनं १९९६ ला सुरू झालेलं, आजपर्यंत एक जाहिरात नाही. वर्ड-एक्सेलसारखी कामं करणाऱ्या लिब्रेऑफिसची गोष्ट तर आपल्या मातीतलीच वाटते, ओपनऑफिस ओरॅकल कंपनीकडं गेलं, काम करणाऱ्यांना कारभार पटला नाही, २०१० ला त्यांनी कोड उचलला आणि वेगळी संस्था काढली. आज वापरात कुठलं आहे बघा.

याच्या उलट प्रकार बघायचा असेल तर प्रिंटिंग प्रेसमध्ये जावा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये, श्रीलिपी म्हणा शिवाजी म्हणा, टाइप केलेल्या फायली उघडल्या की सगळी अक्षरं म्हणजे गिचमिड, कारण तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नाही. संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, स्मरणिका, वर्षानुवर्षांचं काम हार्डडिस्कमध्ये आहे आणि शोधता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरनी अक्षरांसाठी मानलेल्या एकाच पद्धतीत, केलेलं कुठंही उघडतंय. हा मुद्दा सोशल मीडियापेक्षा मोठा आहे असं माझं मत, पण त्याच्यावर व्हिडिओ केला तर कोण बघणार!

आता करायचं काय. चप्पलवाला असू दे, हुपरीचा चांदीवाला असू दे, नाहीतर शाहू स्टेडियमच्या मॅचचे व्हिडिओ टाकणारा फुटबॉलवेडा असू दे, काही सोडू नका. इन्स्टा चालू दे. पण एक डोमेन घ्या, स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या ईमेलवरनं, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास जातात, आणि वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर घेऊ नका, तो उद्या पुण्याला नोकरीला गेला की तुम्ही बसला बोंबलत. त्या डोमेनवर एक साधं पान, फोटो, फोन नंबर, दर. नवीन माल आला की आधी तिथं टाका आणि मग त्याची लिंक इन्स्टाला, व्हॉट्सअ‍ॅपला, मॅस्टोडॉनला. पार्सलच्या चिठ्ठीवर आणि बिलावर तोच पत्ता छापा, अ‍ॅपमधलं नाव नको. ऑर्डर आली की नंबर, पत्ता, माप लगेच वहीत नाहीतर शीटमध्ये.

स्वतःचा सर्व्हर काढायचा किडा असेल त्यांना एवढंच, घरात ठेवू नका, महावितरण आहे. चालवून देणाऱ्या कंपन्या मिळतात, महिन्याचे पैसे घेतात. आणि तालमीसाठी, मंडळासाठी काढणार असाल तर दुसऱ्यांचं लिखाण तुमच्या सर्व्हरवर येणार, २०२१ चे आयटी नियम बघून घ्या, तक्रार घ्यायला माणूस नेमायला लागतोय. खर्च वाटून घ्यायची पद्धत पण आहे, सोशल डॉट कूप नावाचा सर्व्हर चक्क सहकारी तत्त्वावर चालतोय, सभासद वर्गणी देतात, निर्णय मतानं. परदेशात चालतंय आणि सहकाराच्या जिल्ह्यात एक नाही, हे मला जरा लागतंय.

पुढच्या व्हिडिओत पिक्सेलफेडचं अकाउंट पहिल्यापासनं काढून दाखवतो, कापशी चपलेचे फोटो टाकून. तोवर एक काम करा, इन्स्टाच्या सेटिंगमध्ये तुमची माहिती डाउनलोड करायचा पर्याय आहे, त्याची रिक्वेस्ट आत्ताच टाकून ठेवा, फाइल लगेच येत नाही, कधी कधी दुसऱ्या दिवशी मेल येतोय, आणि लिंक काही दिवसच चालू असते तेव्हा आली की लगेच उतरवून घ्या.