कथा छोटी करायची म्हणजे नक्की काय कापायचं?

तर आजचा विषय असा, की कथा छोटी तर ठेवायची पण वाचणाऱ्याला ती अर्धवट वाटायला नको. आता बहुतेक लोक काय करतात, कापायला बसले की विशेषणं उडवतात, दोन वाक्यांचं एक करतात, आणि एवढं करून ३००० शब्दांचे २८०० होतात, मग वैतागतात. कारण मुळात एका कथेत तीन कथा कोंबलेल्या असतात, त्याला विशेषणं काय करणार!

एक उदाहरण घेऊ. भाऊ-बहीण वडिलांचं घर विकतायत, भावाच्या मनात नाहीये, बहिणीला पैशांची नड आहे. ड्राफ्ट कुठून सुरू होतो? दोघांच्या लहानपणापासून. मग आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, भावाची नोकरी, असं करत करत सह्या करायचा दिवस उजाडतो तो शेवटून दुसऱ्या पानावर. माझं म्हणणं, थेट त्या टेबलावरच सुरू करा ना. कागद समोर, पेन हातात, घर घेणारा सारखा घड्याळ बघतोय. मागचं जे लागेल ते बोलण्यातून येईलच, आणि जे आलं नाही ते लागतच नव्हतं असं समजायचं.

बरं, टेबलावर आलो तरी ड्राफ्टमध्ये असतं काय, 'त्याला खूप वाईट वाटलं, गळा दाटून आला, वडिलांच्या आठवणींनी मन भरून आलं.' एकच गोष्ट तीनदा. त्याऐवजी हे बघा, 'त्याने पेनचं टोपण काढलं, परत लावलं आणि विचारलं, माळ्यावरचं सामान कधी न्यायचं?' गंमत म्हणजे दोन्हीकडे १२-१२च शब्द आहेत, मोजून बघा. पण दुसऱ्यात वाचणारा कामाला लागतो, याला सही करायची नाहीये हे त्याचं तोच ओळखतो, आणि शिवाय घरात माळा आहे, त्यावर सामान पडलंय, हे फुकटात कळतं.

एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकानं १८४२ मध्ये हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना म्हटलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हायला हवी, अर्धा तास ते दोन तास, आणि तिच्यातला शब्द न शब्द ठरवलेल्या एकाच परिणामाकडे जायला हवा. लोकांना यातली बैठक तेवढी लक्षात राहते. रशियन कथाकार चेकॉव्ह तर सुरुवातीला विनोदी साप्ताहिकात लिहायचा तिथे साधारण १०० ओळींची मर्यादा होती, आणि तेवढ्यातही त्याने जिवंत माणसं उभी केली.

आता उलटा आजार. कापायची चटक लागली की काही जण बहिणीच्या नडीची ओळही कापतात, म्हणतात वाचक समजून घेईल. कुठून समजून घेईल? ती ओळ गेली की बहीण नुसती लोभी दिसते आणि भावाची घालमेल पण पोकळ होते. कोणाला काय हवंय आणि त्यापायी काय जाणार आहे, एवढं पानावर पाहिजेच, बाकी मग हवामान, पडद्यांचे रंग, 'कसा आहेस, बरा आहे', सगळं खुशाल काढा.

आणि एंडिंग. सुरुवातीला प्रश्न काय टाकलाय, सही होणार का. तो सुटला की कथा पूर्ण, पैसे पुरले का, घरात पुढे कोण राहिलं याची उत्तरं देत बसायचं नाही. पण पेन हवेतच ठेवून 'शेवट वाचकांवर सोडलाय' म्हणणं, ती मला तरी बऱ्याचदा पळवाट वाटते. आणि सही झाल्यावर जो पॅरा येतो ना, 'दोन वर्षांनी तो त्या रस्त्यावरून गेला आणि', तो तर जवळजवळ प्रत्येक ड्राफ्टमध्ये असतो, तो हाताने झाकायचा आणि त्याच्याशिवाय वाचायचं, काही अडलं नाही तर त्याच्या वरचाही झाकून बघायचा. ज्यांनी ड्राफ्ट आणलेत त्यांनी आत्ताच करून बघा, मग आपण एकेक वाचायला घेऊ.